न उघडलेला ताजमहाल

औसा तालुक्यात खरिपाची रास झाली की घरोघरी एकच खल सुरू होतो. सोयाबीन आत्ताच आडतीवर घालायचे, की कट्टे भरून थप्पी लावायची आणि भाव येण्याची वाट पाहायची? २०२१ च्या पावसाळ्यापर्यंत ज्यांनी आदल्या हंगामाची थप्पी मोडली नव्हती, त्यांचे दैव उघडले. जुलै-ऑगस्टमध्ये लातूरच्या बाजार समितीत सोयाबीन क्विंटलला १०,००० रुपयांच्या पुढे गेले. त्या मालाचा हमीभाव होता ३,८८० रुपये. ऑगस्ट संपता संपता केंद्र सरकारने १२ लाख टन सोयापेंड आयात करायला परवानगी दिली, पाठोपाठ नवा माल बाजारात आला आणि दिवाळीपर्यंत भाव जवळजवळ निम्म्यावर उतरला. आणखी थोडे थांबू म्हणून बसलेल्यांच्या हाती फक्त कट्टे राहिले.

माल धरून ठेवण्याचा हाच खेळ युरोप-अमेरिकेत हजारो माणसे वेगळ्याच वस्तूवर खेळतात. ती वस्तू म्हणजे लहान मुलांच्या ठोकळ्यांचे डबे. दुकानातून लेगोचा संच आणायचा, त्याचे सील तोडायचे नाही, कपाटात ठेवून द्यायचा आणि कंपनीने तो संच बनवणे बंद केले की काही वर्षांनी विकायचा. बंद झालेल्या अशा संचांना ‘रिटायर’ झालेले संच म्हणतात. माणूस निवृत्त झाला की त्याची कमाई आटते; हे डबे निवृत्त झाल्यावर कमवू लागतात. मोबाइलवरच्या व्हिडिओंमुळे ही कल्पना आता तालुक्याच्या गावापर्यंत पोचली आहे. पगारातून महिन्याला थोडे बाजूला टाकणाऱ्या तरुणांना ती खुणावतेही. म्हणून तिचा हिशोब नीट मांडून पाहायला हवा.

लेगो ही डेन्मार्कमधील बिलुंड या छोट्या गावातली कंपनी. ओले किर्क क्रिस्टियान्सन या सुताराने १९३२ मध्ये लाकडी खेळणी करायला घेतली आणि दोन वर्षांनी ‘छान खेळ’ अशा अर्थाच्या दोन डॅनिश शब्दांतून ‘लेगो’ हे नाव तयार केले. आज ज्याला आपण लेगोचा ठोकळा म्हणतो, त्याच्या रचनेच्या पेटंटसाठी २८ जानेवारी १९५८ रोजी अर्ज झाला. वरच्या बाजूला गोल खुंट्या, आतून पोकळ नळ्या. एक ठोकळा दुसऱ्यावर दाबला की घट्ट बसतो आणि लहान मुलाच्या हाताने सुटतोही. साचे इतके काटेकोर की त्या काळचा ठोकळा आजच्या ठोकळ्यावर तसाच बसतो. जुन्या संचाला किंमत येते त्याचे पहिले कारण हेच. वीस वर्षांपूर्वीचा मोबाइल आज निकामी असतो, वीस वर्षांपूर्वीचा लेगो संच मात्र काल आणल्यासारखा जुळतो.

दुसरे कारण कंपनीच्या वेळापत्रकात आहे. दुकानांत जागा मोजकी आणि दरवर्षी नवे संच येणार, म्हणून बहुतेक संच साधारण दीड-दोन वर्षे विकले जातात आणि मग त्यांचे उत्पादन थांबते. काही लोकप्रिय संच जास्त टिकतात, काही वर्षभरातच गायब होतात. उत्पादन थांबले की जगात त्या संचाचे सीलबंद डबे जेवढे उरले तेवढेच. दर नाताळला त्यातले काही उघडले जातात, काही खराब होतात, आणि शिल्लक घटत जाते. मागणी मात्र उशिराने जागी होते. ज्या मुलाला दहाव्या वर्षी एखादे जहाज मिळाले नव्हते, तो तिसाव्या वर्षी स्वतःच्या पगारातून ते शोधू लागतो. अशा प्रौढ शौकिनांची बाजारपेठ आता इतकी मोठी आहे की २००० साली त्यांच्या खरेदी-विक्रीसाठी सुरू झालेला ब्रिकलिंक हा ऑनलाइन बाजार २०१९ मध्ये लेगोनेच विकत घेतला.

या बाजाराचे चढ-उतार समजून घ्यायला भारतीय वाचकासाठी ताजमहालाइतके चांगले उदाहरण नाही.

२००८ मध्ये लेगोने ताजमहालाचा संच काढला. तुकडे ५,९२२, अमेरिकेतली किंमत जवळजवळ ३०० डॉलर. तुकड्यांच्या संख्येने तो कंपनीचा तोवरचा सर्वात मोठा संच होता आणि हा मान त्याने पुढची नऊ वर्षे टिकवला. पांढऱ्या तुकड्यांच्या राशीतून घुमट, चार मिनार आणि चौथरा उभा करायला शौकिनांना कित्येक रात्री लागत. पुढे उत्पादन थांबले. मग भाव चढू लागला. एक हजार डॉलर, दीड हजार, आणि बघता बघता सीलबंद डबा २,००० डॉलरच्या वर गेला. गुंतवणूकदारांच्या गप्पांत ताजमहाल हे सोन्याचे नाणे झाले. ज्यांनी एक घेतला होता ते दोन न घेतल्याबद्दल हळहळू लागले, आणि ज्यांनी एकही घेतला नव्हता त्यांतल्या काहींनी चढ्या भावाने का होईना घेऊन ठेवला.

नोव्हेंबर २०१७ मध्ये लेगोने तोच ताजमहाल पुन्हा बाजारात आणला. नवा क्रमांक, तुकडे ५,९२३, म्हणजे फक्त एक जास्त, आणि किंमत सुमारे ३७० डॉलर. जुन्या डब्याचा भाव झपाट्याने कोसळला. २,००० डॉलरला घेतलेल्या डब्याच्या आत जे होते तेच आता दुकानाच्या फळीवर त्याच्या पाचव्या हिश्शाहून कमी पैशांत मिळत होते. २००८ मध्ये मूळ किमतीला घेणारे तरीही फायद्यात राहिले. मधल्या तेजीत घेणारे बुडाले.

२०२१ चे सोयाबीन आणि २०१७ चा ताजमहाल यांची जातकुळी एकच आहे. दोन्हीकडे भाव टंचाईने चढला आणि दोन्हीकडे ती टंचाई दूर करण्याची किल्ली माल धरून बसलेल्याच्या हातात नव्हती. फरक इतकाच की सोयाबीन पिकवणारे लाखो शेतकरी आहेत, विकत घेणारे शेकडो प्रक्रिया कारखाने आहेत, पावसाचा अंदाज असतो. लेगोचा ताजमहाल बनवू शकणारा जगात एकच कारखानदार आहे, आणि तो पुन्हा बनवायचा की नाही हे बिलुंडच्या एका इमारतीत ठरते. त्याची खबर धरून बसणाऱ्याला सर्वात शेवटी लागते.

सरासरीने पाहिले तर मात्र या डब्यांची कामगिरी चांगली आहे. मॉस्कोच्या हायर स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समधील व्हिक्टोरिया डोब्रिन्स्काया आणि युलिया किशिलोव्हा या दोघींनी १९८७ ते २०१५ या काळातील २,३२२ संचांच्या किमती तपासल्या. त्यांच्या अभ्यासात सरासरी परतावा वर्षाला ११ टक्के निघाला. महागाई वजा केली तर ८ टक्के. त्या काळातील शेअर, रोखे आणि सोन्याच्या तुलनेत हा आकडा उजवा होता. जगभरच्या वर्तमानपत्रांनी ‘सोन्यापेक्षा लेगो बरे’ असे मथळे दिले ते या अभ्यासावरून. मथळ्यांत न आलेला भाग जास्त महत्त्वाचा आहे. वेगवेगळ्या संचांचा वार्षिक परतावा उणे ५० टक्क्यांपासून अधिक ६०० टक्क्यांपर्यंत पसरलेला होता. भाव वाढायला सुरुवात होते तीही उत्पादन थांबल्यावर दोन-तीन वर्षांनी. खूप लहान आणि खूप मोठ्या संचांनी मधल्या आकाराच्या संचांपेक्षा जास्त कमावले. प्रसिद्ध इमारती, गाजलेले चित्रपट आणि सणांवरचे संच पुढे राहिले. २००७ चा ‘कॅफे कॉर्नर’ हा रस्त्याच्या कोपऱ्यावरच्या हॉटेलाचा संच १४० डॉलरला निघाला होता आणि पुढे हजार डॉलरच्या पलीकडे गेला. त्याच वर्षी ५०० डॉलरला निघालेल्या स्टार वॉर्समधील मिलेनियम फाल्कन या महाकाय यानाने आधी भरपूर कमावले. मग २०१७ मध्ये कंपनीने ७,५४१ तुकड्यांचे नवे, अधिक देखणे यान आणले आणि जुन्याची झळाळी उतरली.

आता ही सरासरी औशाला आणून पाहू.

१०,००० रुपयांचा संच घेतला आणि दरसाल ११ टक्क्यांनी वाढला असे धरले, तर दहा वर्षांनी त्याचे साधारण २८,४०० रुपये होतात. पोस्टातल्या पीपीएफला एप्रिल २०२० पासून ७.१ टक्के व्याज आहे. तो दर कायम राहिला असे मानले तर तेवढ्याच रकमेचे दहा वर्षांत १९,८५० रुपयांच्या आसपास होतात. डबा पुढे दिसतो. पण पीपीएफचे व्याज खात्यात आपोआप जमा होते, डबा विकावा लागतो. ऑनलाइन बाजाराचे कमिशन, भक्कम पुठ्ठ्यात बांधणी, कुरिअरचा खर्च आणि वाटेत कोपरा चेपला तर द्यावी लागणारी सूट यांत विक्रीच्या २० टक्के गेले असे धरू. हाती उरतात सुमारे २२,७०० रुपये, म्हणजे वर्षाला साडेआठ टक्के.

हिशोब इथेही संपत नाही. तो अभ्यास अमेरिकेतल्या मूळ किमतींवर उभा आहे आणि भारतात हे डबे त्या किमतीला मिळत नाहीत. खेळण्यांवरचे आयात शुल्क २०२० च्या अर्थसंकल्पात २० टक्क्यांवरून थेट ६० टक्के झाले आणि २०२३ मध्ये ७० टक्के. देशी खेळणी उद्योगाला हात देण्यासाठी घेतलेला तो निर्णय आहे आणि त्याचे समर्थनही करता येते, पण परदेशी डबा घेणाऱ्याला त्याचा भार सोसावा लागतो. अमेरिकेत १०,००० रुपयांना पडणारा संच इथे १३,००० ला घेतला असे धरा आणि तो दहा वर्षांनी त्याच २२,७०० रुपयांना गेला, तर वर्षाचा परतावा पावणेसहा टक्क्यांच्या आत येतो. पोस्टातली पासबुकाची रक्कम त्याच्या पुढे निघून जाते, तीही करमुक्त.

विकत घेणारा कुठे भेटणार हा वेगळाच प्रश्न आहे. औशाच्या माणसाला अडीनडीला अंगठी मोडायची असेल तर गावातल्या सराफाकडे जाता येते. आजचा भाव सकाळच्या पेपरात असतो आणि पैसे संध्याकाळपर्यंत हातात येतात. सोयाबीन मोडायचे नसेल तर वखार महामंडळाच्या गोदामात ठेवून बाजार समितीकडून शेतमाल तारण योजनेत किमतीच्या ७५ टक्क्यांपर्यंत कर्ज ६ टक्के व्याजाने मिळते. लेगोच्या डब्यावर कोणती बँक तारण देईल? त्याचा खरेदीदार पुण्यात, मुंबईत किंवा बंगळुरूत असतो आणि तोही डब्याच्या चारही कोपऱ्यांचे फोटो मागतो. शिवाय १ जानेवारी २०२१ पासून भारतात विकल्या जाणाऱ्या खेळण्यांवर आयएसआय चिन्ह सक्तीचे आहे. अमेरिकेहून येणाऱ्या भाच्याच्या बॅगेतून आणलेल्या डब्यावर ते नसते, त्यामुळे असे डबे जमवून उघडपणे व्यापार करू पाहणाऱ्याने आधी नियम वाचावेत. आणि सातत्याने खरेदी-विक्री केली तर तो व्यवसाय ठरतो. त्याचा नफा विवरणपत्रात दाखवावा लागतो.

साठवणुकीचे शास्त्र तर सोयाबीनइतकेच कडक आहे. ठोकळे एबीएस नावाच्या प्लॅस्टिकचे असतात. ऊन आणि उष्णता लागली की त्यातले पांढरे, करडे आणि निळे तुकडे पिवळट पडतात. मराठवाड्याच्या मे महिन्यात पारा ४२ अंशांवर जातो आणि पत्र्याखालच्या खोलीत त्याहूनही वर. तिथे ठेवलेल्या संचातील चिकटपट्ट्यांचा डिंक वाळतो, रबरी टायर आणि दोऱ्या कडक होतात, बॅटरीचा डबा असेल तर बॅटरी गळते. जून उजाडला की दमट हवेने पुठ्ठा फुगतो. उंदीर आणि वाळवीला डब्यात काय आहे याच्याशी देणेघेणे नसते. शौकीन मंडळी डबे भिंतीपासून सुटे, जमिनीपासून वर, अंधाऱ्या आणि कोरड्या कपाटात उभे ठेवतात आणि जड डबा हलक्यावर कधीच रचत नाहीत. ज्या घरात धान्याच्या कोठ्या आणि पाहुण्यांच्या गाद्या यांनाच जागा पुरत नाही, तिथे हा राजेशाही थाट परवडण्याजोगा नाही.

भाव वाढलेल्या मालाच्या मागे चोर आणि नक्कल करणारे लागतातच. जून २०२४ मध्ये लॉस एंजेलिस परिसरातील एका घरातून पोलिसांनी चोरीचे २,८०० हून अधिक लेगो डबे बाहेर काढले. चीनमधल्या लेपिन या ब्रँडने तर लेगोचे संच बेधडक जसेच्या तसे छापले, त्यात ताजमहालही होता. २०१९ मध्ये शांघाय पोलिसांनी छापे घालून तो कारखाना बंद केला आणि पुढच्या वर्षी त्याच्या सूत्रधाराला सहा वर्षांची शिक्षा झाली. माल मात्र तोवर जगभर गेला होता. डबा न उघडता आतले तुकडे अस्सल आहेत की नाहीत हे दुसऱ्या-तिसऱ्या हातातून घेणाऱ्याला कळत नाही. उघडून पाहिले की सील तुटते आणि किंमत उतरते.

खेळण्यांच्या तेजीचा शेवट किती वाईट होऊ शकतो हे अमेरिकेने १९९९ मध्ये पाहिले. टाय या कंपनीची ‘बीनी बेबीज’ नावाची दाणे भरलेली कापडी प्राणी-खेळणी तेव्हा घराघरांत होती. कंपनी अधूनमधून एखादा प्राणी ‘रिटायर’ झाल्याचे जाहीर करी आणि त्याचा भाव रातोरात चढे. लोकांनी पोत्यांनी घेऊन ठेवली. लास वेगासच्या न्यायालयात घटस्फोट घेणाऱ्या एका जोडप्याने ही खेळणी फरशीवर मांडून एकेक करून वाटून घेतली, तो फोटो जगभर गाजला. त्यानंतर थोड्याच काळात भाव असे पडले की बहुतेकांची खेळणी काही डॉलरलाही कोणी घेईना. कारण सरळ आहे: सगळ्यांनीच जपून ठेवली होती. हरवली, फाटली, मोडली असती तर उरलेल्यांना मोल आले असते. आज लेगोचे डबेही लाखो लोक जपून ठेवत आहेत. कॅफे कॉर्नर निघाला तेव्हा ही सवय फारशी नव्हती, म्हणून त्याला तो भाव मिळाला. आताच्या संचांना तसाच मिळेल असे धरून चालणे धोक्याचे आहे.

संग्रहाची खरी संधी कधी कधी आपल्याच माळ्यावर पडलेली असते. एमआरएफने अमेरिकेच्या हॅस्ब्रोसोबत १९८७ मध्ये फनस्कूल सुरू केली, तिचा एक कारखाना गोव्यात आहे. फनस्कूलने भारतीय मुलांसाठी जी.आय. जो या सैनिकांच्या बाहुल्या बनवल्या. इथल्या बाहुल्यांचे रंग आणि शस्त्रे अमेरिकेतल्यांपेक्षा वेगळी निघाली, आणि नेमक्या त्या वेगळेपणामुळे अमेरिकी संग्राहक पुढे त्या शोधत फिरू लागले. मुंबईच्या ब्लो प्लास्टच्या लिओ टॉइजने मॅटेलशी करार करून बनवलेल्या हॉट व्हील्स गाड्यांचेही तसेच झाले. त्या घेताना कोणी गुंतवणूक म्हणून घेतल्या नव्हत्या. वाढदिवसाला आल्या, खेळल्या गेल्या, बहुतेक मोडल्या. ज्या एखाद्या जपणाऱ्या मुलाकडे वेष्टनाच्या कार्डावर तशाच राहिल्या, त्यांनाच मोल आले.

मग औशातल्या एखाद्या नोकरदाराने लेगोचा डबा घ्यावा की नाही? बचत म्हणून घेऊ नये, हे उत्तर स्पष्ट द्यायला हवे. मुलीच्या शिक्षणाचा, आजारपणाचा किंवा पेरणीचा पैसा अशा वस्तूत अडकवू नये, जिचा पुरवठा एका परदेशी कंपनीच्या मर्जीवर आहे, जिचा खरेदीदार चारशे किलोमीटरवर आहे आणि जी उंदराच्या एका रात्रीत निम्म्या किमतीची होते. ज्याला खेळण्यांची मनापासून आवड आहे आणि ज्याचे पैसे बुडाले तरी घराचे काही अडणार नाही, त्याने जरूर घ्यावा. पण मूळ छापील किमतीला किंवा सवलतीत घ्यावा, तेजीत घेऊ नये. पावती जपावी. स्वतःला पाहायला आवडेल तोच संच निवडावा, म्हणजे भाव आला नाही तरी हळहळ वाटणार नाही.

आणि घरात लहान मूल असेल तर डबा उघडावा. वापरलेल्या संचांचाही मोठा बाजार आहे. सगळे तुकडे, माहितीपुस्तिका आणि डबा जागेवर असेल तर त्याला सीलबंद संचाइतकी नाही, तरी चांगली किंमत येते. दिवाळीत औशातली पोरे अंगणात माती कालवून किल्ला करतात, मावळे मांडतात, अळीव पेरून हिरवळ उगववतात. त्या मुलांच्या हातात एखाद्या वर्षी ठोकळेही यायला हरकत नाही. खेळ संपल्यावर तुकडे मोजून एका झाकणाच्या डब्यात भरायची सवय मात्र आई-वडिलांनी लावावी. या दिवाळीच्या साफसफाईत माळ्यावरचा जुना खेळण्यांचा खोका भंगारवाल्याला देण्याआधी एकदा उघडून बघावा, आणि त्यात कार्डावर तशीच राहिलेली फनस्कूलची एखादी बाहुली किंवा लिओची गाडी सापडली तर ती वेगळी काढून ठेवावी.